पहिल्या तळ्याचा कौल

त्या मुलखात सात तळी होती आणि सातही तळ्यांवरच्या हंसांना वर्षातून एकदा बर्फाची खिंड ओलांडावी लागे. खिंडीतला वारा एकट्यादुकट्याला सरळ भिरकावून देई. पाळीपाळीने पुढे येऊन वारा झेलणारे शे-दोनशे हंस मागे असले, तरच अग्रणी जिवंत पलीकडे पोचे. म्हणून अग्रणी कोण असावा, याचा कौल प्रत्येक तळं देई. पहिला मान मोठ्या तळ्याचा.

रीत सोपी होती. उमेदवाराने उडावं आणि मागे न बघता तळ्याला एक फेरी घालावी. ज्यांना तो पसंत असेल त्यांनी त्याच्यामागे उडावं. काठावरचा म्हातारा करकोचा हवेत किती जण आहेत ते मोजून निकाल सांगे. पाण्यावर बसून राहिलेल्यांना मोजायची पद्धत नव्हती; तशी वेळच कधी आली नव्हती.

धवलराय चार वर्षं अग्रणी होता. यंदा त्याच्याविरुद्ध उभी होती फक्त तळ्यात बुड्या मारणारी टिबुकली. हा एवढासा मूठभर जीव! तिला उडायचं तर आधी पाण्यावर वीस पावलं धावावं लागे.

"ही थवा नेणार खिंडीतून? आधी समोरच्या काठाला तरी लाग म्हणावं!" असं म्हणून धवलराय खो खो हसला.

तरी रीत म्हणून तो सकाळी सगळ्यांना भेटून आला. सगुणाकाकू शेवाळात चरत होती. गेल्या वर्षी खिंडीत ती त्याच्या उजव्या पंखामागे होती आणि तिच्यामागे तिची लेक. वादळात लेक मागे पडली. सगुणाने जिवाच्या आकांताने हाका मारल्या, पण धवलराय थांबला नाही. एकीसाठी थवा थांबवता येत नसतो, हे त्याने तिला नंतर नीट समजावूनही सांगितलं होतं.

"काय सगुणाकाकू, येणार ना मागे?"

"तुझ्यापुढं दुसरं आहेच कोण, बाबा?" सगुणा म्हणाली. तिचे डोळे ओले होते. ते पाणी तळ्याचंच, असं त्याने गृहीत धरलं आणि तो खुशीत पुढे गेला. जो तो त्याला असंच काहीसं म्हणत होता.

उन्हं वर आली तसा धवलराय उडाला. मागे पंखांचा आवाज झाला, तो त्याला भरपूर वाटला. पलीकडून टिबुकलीही धावत, धडपडत एकदाची उठली. दोघांच्या फेऱ्या संपल्या तेव्हा करकोच्याने मान उंच केली.

"टिबुकलीच्या मागे एक, तोही तिचा नवरा. धवलरायाच्या मागे चार. धवलराय जिंकला!"

"चौपट!" धवलरायाची छाती फुगली. चौपट म्हणजे काय चेष्टा आहे? तो खाली उतरलाच नाही. विजयाची आरोळी ठोकून त्याने तसाच दुसऱ्या तळ्याकडे मोर्चा वळवला. मागच्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते त्याच्यामागे पंख मारू लागले.

खाली तळं काठोकाठ पांढरं होतं. पाच सावल्या त्यावरून सरकत गेल्या, पण एकही मान वर झाली नाही. लांबवर खिंडीच्या तोंडाशी बर्फ उडताना दिसत होतं. धवलरायाने मान ताणली आणि खड्या आवाजात हुकूम सोडला, "रांग फार लांब झालीय! अगदी शेवटच्यांनी अंतर राखा!"