धूळ न उडवता आलेले

एके काळी एक वृद्ध आचार्या कातळाच्या पठारावरील वेधशाळेत शिकवीत असत. त्यांचा एक शिष्य बुद्धिमान होता, परंतु निष्कर्षाची त्याला फार घाई असे. हेमांगी नावाची त्याची सहाध्यायी शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेतील वायू-धुळीच्या मेघाचा अभ्यास करीत होती. रेडिओ दुर्बिणीचा वेळ मिळावा, असा तिचा अर्ज होता. त्यावर शिष्याने अभिप्राय लिहिला : 'या मेघात धूळ नगण्य, म्हणून वायू नगण्य. येथे तारे जन्मणार नाहीत. वेळ देऊ नये.' त्याच दुपारी दुर्बिणीचा वेळ वाटणारी समिती बसणार होती. नकार आला असता, तर हेमांगीचे संशोधन तिथेच संपले असते.

"वायू मोजलास?" आचार्यांनी अभिप्राय वाचून विचारले.

"बाई, थंड वायू कुठे चमकतो? धूळ मोजायची आणि शंभराने गुणायचे, की वायू किती ते कळते. सगळे तेच करतात."

आचार्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी शिष्याला पूर्वेच्या खिडकीशी बसवले. "समोर मातीचा रस्ता आहे. आज किती माणसे वर येतात, ते उडणाऱ्या धुळीवरून सांग."

"समितीच्या तोंडावर हा काय खेळ?" शिष्य पुटपुटला, पण बसला. बऱ्याच वेळाने धुरळा उडवीत एक जीप आली.

"चार-पाच माणसे, बाई. बाकी कोणी नाही."

आचार्यांनी मागचे दार उघडले. पश्चिमेच्या उघड्या कातळावरून चढून आलेला, खालच्या गावातील कॉलेजचा अख्खा वर्ग तिथे घाम पुसत उभा होता. वेधशाळा दाखवायला हेमांगीच त्यांना घेऊन आली होती.

"बाई, आधी पाणी द्या. कातळ नुसता तव्यासारखा तापलाय!" कोणीतरी म्हणाले.

"ही माणसे नव्हेत?" आचार्या कडाडल्या. "कमी होती ती माती, माणसे नव्हे! धूळ वायूच्या सोबतीने असते, हे खरे. पण ती येते कुठून? आधीच्या ताऱ्यांनी मरताना मागे टाकलेल्या द्रव्यातून. जिथे ताऱ्यांच्या फारशा पिढ्या झाल्याच नाहीत, तिथे धूळ विरळच असणार. वायू मात्र विपुल असू शकतो. तुझे शंभर आपल्या आकाशगंगेतले. ते तू परक्या दीर्घिकेवर लादलेस, आणि ज्यांच्यामागे पिढ्यांची शिदोरी नाही त्यांना नापीक ठरवून मोकळा झालास. वर म्हणतोस, सगळे तेच करतात!"

शिष्याने हेमांगीकडे वळून हळूच विचारले, "हायड्रोजनच्या स्वतःच्या रेडिओलहरी थेट मोजता येतील?"

"त्यासाठीच तर वेळ मागितला होता, शहाण्या. अर्ज उघडून तरी पाहिलास का?"

मग त्याने आपल्या अभिप्रायातील 'वायू नगण्य' आणि त्यापुढचे सारे खोडले, तिथे 'वायू मी मोजलेला नाही' असे लिहिले आणि तो कागद घेऊन समितीच्या खोलीकडे गेला.

ओळखीची खूण दिसली नाही, एवढ्यावर माणसांना नाकारणाऱ्या प्रत्येक समितीने निदान इतके तरी खरे लिहावे.