ठकूचा टेका

बसा. इथे सगळेच बसतात. खालच्या झऱ्यापासून कारविण्याच्या वेशीपर्यंत एकशे तेरा पायऱ्या आहेत आणि बरोबर मध्यावर, उजव्या हाताच्या बांधावर, हा दगड आडवा ठेवलेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत येणारी मंडळी त्यावर पिशव्या ठेवतात, मुलांना वर उभं करून फोटो काढतात आणि मग मला विचारतात, आजोबा, हे काय आहे? मी सांगतो. एका दिवाळीत तीस-चाळीस वेळा तरी सांगून होतं. शेवटी शेवटी तर माझं तोंड आपोआप चालतं आणि मी मनाने घरी जाऊन आडवा झालेला असतो. पण सांगायला दुसरं कोणी उरलं नाही, तेव्हा ऐका.

आधी दगडाची उंची बघा. उभ्या बाईच्या खांद्याला लागते. डोक्यावरची भरलेली घागर कोणाचा हात न लागता इथे सरकवता येते आणि दम खाऊन तशीच पुन्हा डोक्यावर घेता येते. जमिनीवर टेकलेली घागर मात्र एकटीला परत डोक्यावर चढवणं कठीण, हे पाणी वाहिलेल्या बाईला सांगावं लागत नाही. याला ठकूचा टेका म्हणतात. वरच्या महादेवाच्या देवळाला उंबरा नाही हे तुमच्या लक्षात येईल. तो उंबरा म्हणजेच हा दगड.

ठकू ही गावातली एक विधवा बाई. मूलबाळ नव्हतं. वेशीजवळ तिचं खोपट होतं. असे सांगतात की एका भाद्रपदात गावात हिवतापाची साथ आली आणि कारविण्याची एकवीसच्या एकवीस घरं अंथरुणाला खिळली. उभी राहिली ती एकटी ठकू. पाणी खाली दरीत, माणसं वर तापाने फणफणलेली. डोक्यावर घागर आणि काखेत कळशी घेऊन ती महिनाभर या वाटेने चढली-उतरली. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी सांगण्याच्या अवस्थेतच नव्हतं. त्या साथीत गावातलं एकही माणूस दगावलं नाही म्हणे.

दिवाळीच्या तोंडावर लोक हिंडू-फिरू लागले. ठकूचे उपकार कसे फेडावे म्हणून सगळे देवळात बसले. कोणी म्हणालं लुगडं द्या, तर लुगडं फाटतं. कोणी म्हणालं धान्य द्या, तर धान्य संपतं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की तिला मान द्यायचा. न फाटणारा आणि न संपणारा. नरक चतुर्दशीच्या पहिल्या आंघोळीचं पाणी गावातल्या प्रत्येक घरी ठकूच्याच हातचं असेल. जिच्या हातच्या पाण्याने जीव वाचले, तिच्याच हातच्या पाण्याने दिवाळी सुरू होईल. हे ठरलं तेव्हा म्हणे देवळात कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ठकूनेही हात जोडले.

त्या मानाचं वजन एका घागरीचं आणि एका कळशीचं होतं, आणि ते एकवीस वेळा वर चढवायचं होतं, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला विचाराल तर त्यांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. गोष्ट सांगताना मला सगळ्यात जास्त हेच जड जातं.

पुढे नऊ वर्षं हा मान चालला. ठकू तेरसेच्या दुपारी पहिली खेप काढायची आणि चतुर्दशीच्या पहाटे शेवटची, पाटलाच्या दारात ठेवायची. तिचं पाणी घेतलं की प्रत्येक घरातून तिला फराळाचं ताट मिळायचं. एकवीस ताटं, एकट्या बाईला. आणि आपल्याकडे ताट रिकामं परत करायचं नसतं. म्हणून बिचारी भाऊबीज उलटेपर्यंत एकवीस ताटांत घालायला काही ना काही रांधत बसायची आणि ती घरोघरी पोचवून यायची. लोक कौतुकाने म्हणायचे, ठकूचा उरक बघा, दिवाळी आली की बाई नुसती वाऱ्यावर स्वार असते!

नवव्या वर्षी देवळाचं काम निघालं होतं. लिंबाजी नावाचा पाथरवट उंबऱ्याचा दगड घडवत होता. दगड खालच्या खाणीतला. पायऱ्यांनी वर नेता नेता माणसं थकली, म्हणून मध्यावर याच बांधावर टेकवून ठेवला होता आणि लिंबाजी इथेच त्याला टाकी लावत बसे. सणाला घरी जायचं तर त्याचं गाव लांब, म्हणून दिवाळीलाही तो इथेच होता. तेरसेच्या दुपारपासून त्याने ठकूला वर जाताना पाहिलं आणि खाली येताना पाहिलं. पहाटे तो जागा झाला, तर ती अजून चढतच होती.

पाथरवटाला वजन कळतं. दगड उचलण्याआधी तो माणसाचे पाय बघतो. त्याने ठकूचे पाय पाहिले आणि वाटेत आडवं येऊन विचारलं, "बाई, दमलीस का?"

नऊ वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. ती तिथेच थबकली. डोक्यावर घागर, काखेत कळशी, बोलायलाही दम नाही. मग म्हणाली, "व्हय रं बाबा. दमले."

लिंबाजीने तिची घागर उतरवून दगडावर ठेवली, कळशी ठेवली आणि तिला बांधाला टेकून बसवलं. बाकी त्याने काही केलं नाही. पण असे सांगतात की ज्या क्षणी तिच्या तोंडून तो शब्द निघाला, त्याच क्षणी वर गावात वीस घरांच्या दारांत ठेवलेल्या घागरी जड झाल्या.

जड म्हणजे कशा? बायका उचलायला गेल्या, हलेनात. पुरुष आले, हलेनात. चौघांनी मिळून कासरा बांधून ओढलं तर कासरा तुटला. एका घरात शेणाने सारवलेली जमीन खचून घागर वीतभर आत गेली. एका शहाण्याने घागर राहू दे, पाणी तरी काढू म्हणून तांब्या बुडवला, तर तो तांब्याच वर येईना आणि तांब्या सोडवत नाही म्हणून हा बाबा घागरीवर ओणवा होऊन बोंबलत बसला. नऊ वर्षांत ठकूने जेवढं वजन वाहिलं होतं, तेवढं सगळं म्हणे त्या पाण्यात उतरलं होतं.

आणि इकडे पूर्वेला फटफटायला लागलं. नरक चतुर्दशीला सूर्य उगवायच्या आत आंघोळ झाली नाही तर माणूस नरकात जातो, हे तुम्हीही घरी ऐकलं असेल. अंगाला तेल चोपडून अख्खं गाव अंगणात कुडकुडत उभं, पाणी दारात, आणि थेंबभर मिळेना! पाटलाच्या घरी तर अजून पाणी पोचलंच नव्हतं. मग कोणीतरी म्हणालंच की ठकूने करणी केली. गोजरा पाटलीण पुढे आणि गाव मागे, असे सगळे या पायऱ्या उतरून आले.

ठकू इथे बसली होती. डोळे मिटलेले.

"काय केलंस गं आमच्या पान्याला?" गोजराने विचारलं.

"काय न्हाय केलं, पाटलीनबाई. दमले, येवढंच म्हनले."

गोजराला ते काही पटलं नाही. तिला घाई होती. दगडावरची घागर तिच्याच घरची होती, ती तिने हिसका मारून डोक्यावर घेतली. ही मात्र उचलली गेली. भरल्या घागरीचं जेवढं वजन असतं, तेवढंच होतं. पण पाटलाघरचं रोजचं पाणी गडी भरायचे, आणि दिवाळीचं पाणी तर नऊ वर्षांत गावात कोणीच वाहिलं नव्हतं. वीस पायऱ्या चढेपर्यंत तिची मान आखडली, तीस पायऱ्यांना पोटऱ्या लटलटायला लागल्या. टेकवायला जागा कुठे आहे म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. जागा नव्हती. तशीच वळली, एकेक पायरी चाचपत खाली आली आणि घागर परत या दगडावर ठेवली.

मग तिने विचारलं, "कितवी खेप गं ही?"

"येकविसावी."

गोजरा पाटलीण मटकन खाली बसली. तिने ठकूचे पाय पाहिले. मग सुनेला म्हणाली, "घरनं तेलाची वाटी आन. उटनं आन. आन् चार बायका चादर धरा हितं."

पुरुषांना खाली झऱ्याकडे पिटाळलं. बांधाला तीन दगडांची चूल मांडली आणि त्याच घागरीतलं पाणी तापवलं. कोणीतरी घाबरत म्हणालं, पाटलीणबाई, सूर्य वर यायला लागलाय, आधी गावाच्या आंघोळी होऊ देत. गोजरा म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जाऊ नरकात." तिने स्वतः ठकूच्या डोक्यात तेल जिरवलं, पाठ चोळली, काखेखाली जिथे कळशीने घट्टे पडले होते तिथे हात हळू केला आणि पहिला तांब्या तिच्या अंगावर ओतला. तेव्हा वर गावात घागरी हलक्या झाल्या, असे सांगतात. त्या तांब्यावाल्याचा हात सुटला आणि तो उताणा पडला. ऊन अंगणात आलं होतं. त्या वर्षी अख्खं कारविणं नरकाला पात्र झालं, असं आमचे म्हातारे हसत सांगायचे.

आंघोळ झाल्यावर ठकू इथेच, या दगडाखाली बांधाला पाठ लावून झोपली. तिला कोणी हलवलं नाही. लिंबाजीने सांगितलं की हा दगड आता देवळाला नको, इथेच असू दे, आणि गावाने ऐकलं. ठकूचं पुढे काय झालं याबद्दल दोन मतं आहेत. काही म्हणतात, ती संध्याकाळी उठली आणि पुढे बारा वर्षं जगली. काही म्हणतात, ती उठलीच नाही. लहान मुलं बरोबर असली की मी पहिलं सांगतो. खरं काय ते मला ठाऊक नाही. मी तिच्या जागी असतो तर उठलो नसतो.

आजही कारविण्यात चतुर्दशीचं पाणी पुरुष आणतात. नळ आले, तरी एक घागर झऱ्यावरूनच आणायची. मग घरच्या कर्त्या पुरुषाने घरच्या बाईसमोर उभं राहून विचारायचं, दमलीस का? ती हो म्हणाली की पहिलं तेल तिला, पहिलं पाणी तिला, आणि त्या दिवशी तिने चुलीकडे बघायचं नाही. सूर्य उगवला तरी हरकत नाही. खोटं उत्तर मात्र द्यायचं नाही.

इथवर सांगून मी पूर्वी थांबायचो. आता थांबवत नाही.

माझी बायको हौसा. बत्तीस दिवाळ्या मी तिला विचारलं, आणि बत्तीस वेळा ती म्हणाली, "न्हाई ओ." मला बरं वाटायचं. आपली बायको खंबीर आहे याचा मी गावात तोरा मिरवायचो. खरं सांगायचं तर विचारायचं म्हणून विचारायचो आणि तिचं उत्तर पुरं व्हायच्या आत पाटावर जाऊन बसलेलो असायचो. शेवटच्या दिवाळीला तिला धड उभं राहवत नव्हतं. तेव्हाही "न्हाई ओ, पानी तापलंय, बसा," म्हणाली. मार्गशीर्षात गेली. तिच्या दहाव्याला शेजारची अंजिरा रडत बोलून गेली, "टेक्याला बसली की रोज म्हनायची हो, लई दमले गं अंजिरे." रोज. गावातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. मला सोडून. मी गावाला ठकूची गोष्ट सांगत होतो.

चार वर्षांपूर्वी मी देवळात पाच माणसं जमवली आणि रिवाजात एक गोष्ट वाढवून घेतली. ती ठकूच्या गोष्टीत नाही. पहिलं उत्तर धरायचं नाही. विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तरी तिथेच उभं राहायचं.

परवा चतुर्दशीला मी सुनेला, वैजूला, विचारलं. ती चकल्या तळत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही मामंजी." मी उभा राहिलो. तिने दोन घाणे काढले. चुलीवरचं पाणी उकळून उकळून आटायला लागलं. माझे गुडघे दुखत होते, तरी उभा राहिलो. शेवटी तिने झारा खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "हो."

मी मुलाला हाक मारून तेलाची वाटी आणायला सांगितली.