गिरणीचा दगड आणि जीपचा क्लच

जर्मनीत शिकलेल्या शर्वरीने गावात गॅरेज काढलं, आणि पहिलीच गाडी आली ती पिठाच्या गिरणीचे मालक आबासाहेब तावरे यांची जीप. शाळेची पोरं याच जीपने घाट चढत. तालुक्याला क्लचची प्लेट बदलून आणूनही क्लच घसरतच होता.

"आबा, क्लचची प्लेट ज्यावर घट्ट बसते ते चाक, फ्लायव्हील, झिजलंय. ते लेथ मशीनवर घासून सपाट करते, मगच नवी प्लेट टाकते."

"पोरी, नुसती प्लेट बदल! फ्लायव्हीलला हात लावलास तर गाडी परत नेईन," गॅरेजच्या बाकावर बसलेल्या चारचौघांसमोर आबा गरजले.

शर्वरी हसली. "आबा, पीठ जाड यायला लागलं, की तुम्ही झिजल्या दगडाला छिन्नीने ठोकून टाकी लावता, की गिऱ्हाइकाला दुसरे गहू आणायला सांगता?"

बाकावरची माणसं खो खो हसली.

मिशीवरचं पीठ झटकत आबा म्हणाले, "लाव बाई टाकी तुझ्या त्या चाकाला!"