राणीसाहेबांची चाळीस अंगुळं

कनकपेठच्या राणी हेमावतींना चोळी बसेना, आणि बसत नाही असं म्हणायची कुणाची छाती होईना!

कारण मानाजीराजांचा हुकूम. लग्नात राणीसाहेबांच्या छातीचं माप चाळीस अंगुळं भरलं होतं. ते आजही चाळीसच आहे आणि पुढेही चाळीसच राहील! मधल्या काळात दोन राजपुत्र झाले, आता राजकन्या झाली. पण हुकमाला बाळंतपण ठाऊक नसतं. (जुन्या ब्लाउजच्या हुकांशी झटापट केलेल्या आईला हे वेगळं सांगायला नको. मी माझ्याबद्दल बोलत नाहीये.)

राजकन्येचं बारसं तोंडावर आलं. पहिल्या शिंप्याने हुकमाप्रमाणे चाळीस अंगुळांची चोळी शिवली. राणीसाहेब शिंकल्या आणि पाठीची शिवण टर्रकन उसवली. शिवण कच्ची म्हणून तो कोठडीत! दुसऱ्याने खरं माप घेतलं आणि खरं ते सांगितलं, "शेहेचाळीस." राणीसाहेबांचा अपमान केला म्हणून तोही कोठडीत! तिसरा रखमाजी शिंपी. तो बिचारा मापाची दोरी हातात धरून नुसता उभा राहिला.

"गप्प का? म्हणजे मनात काहीतरी आहे!" राजे गरजले. तोही कोठडीत!

दुसऱ्या दिवशी रखमाजीची मुलगी सगुणा दरबारात हजर.

"महाराज, माझ्या बाबांना सोडा. चोळी मी शिवते."

"माप?"

"चाळीस अंगुळं."

"आणि बसली पाहिजे!"

"बसेल. वर राणीसाहेबांना पोटभर जेवताही येईल."

प्रधान खवचटपणे हसले. "आणि नाही बसली तर?"

"तर मीही कोठडीत, प्रधानजी. तिथे शिंपी जमलेच आहेत, दुकानच थाटू!"

सगुणा महालात गेली. राणीसाहेब छाती आत ओढून, लालबुंद होऊन उभ्या होत्या.

"श्वास सोडा, राणीसाहेब."

"अगं, सोडला तर वाढेल ना!"

"वाढू द्या. श्वास रोखून दिलेल्या मापाची चोळी श्वास रोखूनच घालावी लागते."

राणीसाहेबांनी दार लावलंय ना ते पाहिलं आणि श्वास सोडला. बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच.

शिंप्याच्या दोरीला अंगुळा-अंगुळावर, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरावर, गाठ असते. सगुणाची दोरी मात्र कोरी होती. तिने ती छातीभोवती न आवळता फिरवली आणि जुळली तिथे कापली. कंबर, खांदा, काखेभोवतीचा मुंढा, उंची, सगळ्यांच्या वेगळ्या दोऱ्या घेतल्या. मग जाड कागद पसरला. छातीच्या दोरीची चौपदरी घडी घालून तो चौथा भाग कागदावर मांडला, शिवणीला आणि हालचालीला थोडी जागा जास्त सोडली, मुंढ्याची गोलाई काढली, गळा उतरवला. छातीखाली चिमट्या कुठे घ्यायच्या, म्हणजे आपण ज्यांना टक्स म्हणतो, त्याच्या खुणा केल्या. त्या कागदावरून आधी मांजरपाटाची कच्ची चोळी बेतली.

"हात वर करा. आता बाळाला मांडीवर घ्या. कुठे ओढतंय?"

"कुठेच नाही गं!"

मग कुठे तिने रेशमाला कात्री लावली. चोळी झाल्यावर छातीची ती कोरी दोरी घेऊन बसली आणि तिचे चाळीस सारखे भाग करून गाठी मारल्या.

बारशाला राणीसाहेब नवी चोळी घालून आल्या. पाळण्यावर वाकल्या, जिलेबी खाल्ली, मुद्दाम दोनदा शिंकल्या. शिवण जागची हलली नाही! दासींनी पडद्याआड सगुणाची दोरी लावून गाठी मोजल्या आणि पुकारा केला, "चाळीस!"

"वाहवा!" राजे खूश.

पण प्रधानांनी दोरी ओढून घेतली, गाठींशी आपलं बोट लावून पाहिलं आणि ओरडले, "फसवणूक, महाराज! हिचं अंगुळ माझ्या बोटापेक्षा रुंद आहे!"

"हे खरं?" राजांच्या कपाळावर आठी. कोठडीचा पहारेकरी किल्ल्या चाचपू लागला.

"प्रधानजी, तुमच्या बोटाबद्दल राज्याचा काही हुकूम आहे का?" सगुणा म्हणाली. "राणीसाहेबांच्या मापाबद्दल आहे. ते बदलत नाही, असं खुद्द महाराज म्हणाले. न बदलणाऱ्या मापाचे मी चाळीस भाग केले. त्यातला एक भाग म्हणजे एक अंगुळ. बारीक झालं असेल तर तुमचं बोट!"

प्रधान काळजीने बोटाकडे बघू लागले.

राजे हट्टाचे पक्के! "बरोबर आहे! आजपासून राज्यात हेच अंगुळ!"

"जशी आज्ञा. मग पहिलं माप महाराजांचंच घेऊ?"

राजे ताठ उभे राहिले. शंभर अंगुळं उंच राजा म्हणून भाट त्यांचे पोवाडे गात. सगुणाने दोरी टाचेपासून डोक्यापर्यंत लावत नेली.

"सत्त्याऐंशी!"

"काय? पुन्हा मोज!"

"मोजते, महाराज. टाचा खाली टेकवा." पुन्हा दोरी लावली. "सत्त्याऐंशीच."

 भाट एकमेकांकडे बघू लागले. पोवाडे आता नव्याने रचावे लागणार!

सगुणाने हात जोडले. "महाराज, दोहोंपैकी एकच खरं असू शकतं. एक तर राणीसाहेब भरल्या, नाहीतर आपण आटलात! चिटणीस लेखणी घेऊन थांबलेत. त्यांनी काय लिहून घ्यायचं?"

 राणीसाहेबांना दम निघेना. बाळाला खांद्यावर घेत त्या म्हणाल्या, "लिहा हो, मी भरले! तीन लेकरं काय हवेतून आली?"

राजांना हसू फुटलं. आधी मिशांत, मग पोटात, मग इतकं मोठ्याने की राजकन्या दचकून रडायलाच लागली! "भरल्या, बाई, भरल्या! हुकूम रद्द! आम्ही शंभरच बरे! सोडा त्या तिन्ही शिंप्यांना!"

रखमाजी कोठडीतून धावत आला तेव्हा सगुणा दरबारची शिंपीण झालेली होती. राजांनी अंगावरचा भरजरी शेला काढून तिच्या खांद्यांवर घातला. तो तिला पार घोट्यांपर्यंत आला, आणि प्रधानांनी त्याला बोट लावायची हिंमत केली नाही.