तरंगणारी वीट

एका नगरात मुरारदेव नावाचा एक स्थपती राहत होता. राजाच्या सगळ्या इमारती तोच बांधायचा. त्याने एक नवी वीट शोधून काढली. मातीत भाताचे तूस मळायचे आणि भट्टी लावायची. तूस जळून जाई, विटेत बारीक पोकळ्या राहत, आणि वीट इतकी हलकी होई की पाण्यावर तरंगे.

भर दरबारात त्याने ती हौदात सोडली. वीट डुलत राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. राजा म्हणाला, "असल्या विटांचा घुमट खांबांशिवाय उभा राहील. आपल्या धान्यबाजारावर तसाच बांधा. खांबांना गाड्या घासून लोक वैतागले आहेत."

घुमट बांधून झाला. आता खालून आधार देणारे लाकडी धिरे तेवढे काढायचे होते. त्या राज्यात एक रीत होती. धिरे निघाले, की नव्या छताखाली पहिली पंगत स्थपतीच्या घरच्यांची बसे. मगच इतरांनी आत जायचे.

त्या सकाळी मुरारदेव राजाला बोलवायला राजवाड्यात गेला आणि हौदापाशी थबकला. दरबारात दाखवलेली वीट बाहेर काढायची सगळेच विसरले होते. ती पाण्यावर नव्हती. तळाशी गेली होती.

बाही वर सारून त्याने ती काढली. ती दगडासारखी जड लागली. वीट हळूहळू पाणी प्यायली होती. मग पावसात घुमट किती पाणी पिईल?

लगेच दुसरे मन बोलू लागले. ही एकच वीट कच्ची भाजली गेली असेल. घुमटावर चुन्याचा पातळ हात दिलेला आहे. उगाच शंका काढली, तर जन्मभराची पत जाईल. त्याने वीट उपरण्यात गुंडाळली आणि काखेत धरली.

राजा आणि प्रधान यांच्याबरोबर तो बाजारात आला. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. धिरे ठोकून पाडायला मजूर लाकडी मोगऱ्या घेऊन उभे होते. त्याची बायको यमुना आणि लेक रुक्मा नवी लुगडी नेसून वाट पाहत होत्या. यमुना हळूच म्हणाली, "अहो, काखेत काय दडवलंय? उपरण्यातून पाणी गळतंय."

मुरारदेवाने रुक्माकडे पाहिले. तिला त्या छताखाली पाठवायला त्याचे मन धजेना. आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. आज रुक्मा जेवून सुखरूप बाहेर येईल. पण भर पावसात धान्य घ्यायला आलेल्या दुसऱ्या कुणाच्या लेकीचे काय?

"थांबा!" तो ओरडला. मोगऱ्या हवेतच थांबल्या.

त्याने ओली वीट राजापुढे ठेवली आणि सारे सांगितले. प्रधान हसला. "स्थपती, घुमट काय हौदात बांधलात?" लोकही हसले.

"नाही, प्रधानजी. पण पाऊस त्याच्यावरही पडणार."

राजा चिडला. "आज आभाळात ढग नाही. आज काय होणार आहे?"

"आज काहीच होणार नाही, महाराज. त्याचीच भीती वाटते. आज तो उभा राहील आणि उद्यापासून सगळे निर्धास्त त्याखाली बसतील."

"पडेल अशी खात्री आहे तुमची?"

"नाही. माझं चुकतही असेल. धिरे राहू द्या, माणसं बाहेर काढा आणि घुमटावर पाणी ओता. काही झालं नाही, तर ही पगडी पुन्हा डोक्यावर चढवणार नाही." राजानेच दिलेली पगडी त्याने काढून खाली ठेवली.

राजाने हुकूम दिला. माणसे बाहेर आली आणि घुमटावर पाण्याच्या पखालीमागून पखाल रिकामी झाली. आत एक थेंबही गळला नाही. "वा! काय बांधलंय!" लोक ओरडले. प्रधान म्हणाला, "आता पगडीला मुकलात."

मुरारदेवाचा चेहरा मात्र पांढरा पडला. "गळत नाही, म्हणजे सगळं पाणी विटांच्या पोटात राहतंय," तो पुटपुटला. "आणखी ओता."

बराच वेळ काहीच घडले नाही. तोच आतून करकर आवाज आला. एक धिरा वाकला. मग दुसरा कडाडून मोडला. घुमटाला वरपासून खालपर्यंत भेग गेली. उरलेल्या धिऱ्यांनी त्याला कसाबसा तोलून धरला. खाली पंगतीसाठी आधीच मांडलेल्या पानांवर चुन्याचे ढेकूळ पडले. तिथे कुणीही बसलेले नव्हते.

कुणी हसले नाही. यमुनेने रुक्माचा हात घट्ट धरला.

"हे तुम्हाला आधी कळायला हवं होतं," राजा म्हणाला.

"हो, महाराज. वीट तरंगताना मी पाहत राहिलो. टाळ्या थांबल्यावर ती पाहायला थांबलो नाही."

राजाने खाली वाकून पगडी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि मुरारदेवाच्या हातात दिली. घुमट उतरवला गेला. तेव्हापासून त्या राज्यात कुठलीही नवी वीट आली, की ती हौदात सोडतात, आणि टाळ्या वाजवण्याआधी एक अख्खा पावसाळा ती तिथेच ठेवतात.

तात्पर्य: आपल्या कामाबद्दल शंका आली, तर पत जाईल म्हणून ती झाकू नये. ज्या छताखाली आपले लेकरू बसवायला मन कचरते, त्याखाली दुसऱ्याचे लेकरू बसवू नये.