साळूची वेगवान गाडी

फार वर्षांपूर्वी, जंगलात चाक नुकतंच कुठे आलं होतं, तेव्हा साळू साळिंदराने जाहीर केलं, "चित्त्याला मागे टाकेल अशी गाडी मी करणार."

पहिली मागणी कमळी कासविणीने नोंदवली. पंधरा दिवसांत तिला पलीकडच्या तळ्यावर बहिणीकडे पोचायचं होतं. बहिणीच्या अंड्यांतून पिल्लं बाहेर यायची होती.

आठव्या दिवशी ती आली, तर साळूने चाकं काढून ठेवलेली. "आणखी हलकी करतोय," तो म्हणाला. बाराव्या दिवशी तो गाडीवर चित्त्याचे ठिपके रंगवत होता.

"चालते का रे?" कमळीने विचारलं.

"चालवून नाही पाहिली, ताई. आधी रूप तर येऊ दे."

कमळी पायीच निघाली. तिची ती चाल पाहून साळूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने एक फळी उचलली, तिला साधी चाकं ठोकली आणि दोरीने ओढत धावला. चढावर त्याने तिला गाठलं.

"हीच का ती गाडी?"

"नाही ताई, ती मला जमली नाही. ही मात्र चालते."

कमळी हसत फळीवर चढली. "मग ओढ लवकर. माझ्याआधी भाचरं पोचायला नकोत."