कड्यावरची वेलांटी

फार फार वर्षांपूर्वी, कोंबड्या चोचीने मातीत अक्षरं काढायच्या तेव्हाची ही गोष्ट. तांबडी कोंबडी पिल्लांना पहिली वेलांटी शिकवत होती. धाकट्या पिवळीला ती इतकी आवडली, की डोंगराच्या टोकाशी आईने लिहिलेल्या ‘पुढे कडा’लाही तिने एक देऊन टाकली.

“पुढे किडा!” असं वाचून भावंडं धावत सुटली.

“थांबा रे!” तांबडी पंख पसरून आडवी आली. पिल्लं तिच्या पोटावर आदळली. सगळी होती. तिच्या जिवात जीव आला.

मग तिने पिवळीला कुशीत घेतलं. “आधी बोलून बघ, मग लिही.”

“क... कि... कडा,” पिवळी पुटपुटली. “आई, यात ‘इ’ ऐकूच येत नाही गं!” आणि तिने पायाने वेलांटी पुसून टाकली.